मर्जी आणि मजबुरी

दर वर्षी 28 फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन असतो. 1928 साली याच तारखेला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाच्या विकिरणाचा तो प्रसिद्ध शोध लागला, म्हणून 1987 पासून हा दिवस देशभर साजरा करतात. मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण मुलांची भाषणं लिहून द्यायचं काम भाषेच्या मॅडमकडेच येतं. फळ्यावर रंगीत खडूने किरण काढलेले असतात, टेबलावर फेटा बांधलेल्या रामन यांचा फोटो असतो, त्याला हार. यंदा भाषणाची तयारी करताना नववीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्याकडे शास्त्रज्ञ बाई एकही नाही का?"

मी तिला कमला सोहोनींची गोष्ट सांगितली. ज्यांच्या फोटोला आपण हार घालतो त्यांनीच या बाईंना, मुलगी म्हणून, प्रवेश नाकारला होता, हेही सांगितलं. वर्ग जरा गप्प झाला. मग तिचाच दुसरा प्रश्न आला: "मग त्यांनी तसं सांगितलं का कुणाला? की गप्प बसल्या?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सामान्यज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. दुसरा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. विज्ञानात बायका कमी का, याची कारणं पुरुषांनी पुष्कळ सांगितली आहेत. पण ज्या बायका त्या वाटेने गेल्या, टिकल्या किंवा मध्येच उतरल्या, त्यांनी स्वतः कोणतं कारण सांगितलं?

हा प्रश्न आमच्या कापूरहोळला परका नाही. हे धाराऊचं गाव. पुरंदरावर जन्मलेल्या शंभूराजांना जिने दूध पाजलं, ती धाराऊ गाडे-पाटील इथली. गावाला तिचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण गडावर ती कुठल्या मनाने गेली, खुशीने की नाही म्हणता येत नव्हतं म्हणून, हे तिच्या तोंडून आपल्याला कधी कळलं नाही. जुन्या काळातल्या बायकांच्या बाबतीत आपण एवढंच म्हणू शकतो. विसाव्या शतकातल्या बायका मात्र बोलल्या आहेत, लिहून गेल्या आहेत. ते नीट ऐकायला हवं.

उर्दूच्या तासाला मी दोन शब्द शेजारी शेजारी लिहिते: मर्जी आणि मजबुरी. मराठीनेही दोन्ही आपलेसे केले आहेत. मर्जी म्हणजे आपली खुशी, आपली रजामंदी. मजबुरीच्या पोटात अरबी 'जब्र' आहे, म्हणजे सक्ती. कागदावर दोन्ही शब्द स्वच्छ वेगळे दिसतात. बाईच्या आयुष्यात ते इतके वेगळे राहत नाहीत, आणि या गोष्टीत तर फारच मिसळलेले आहेत.

कमला भागवत 1911 साली इंदूरला जन्मल्या. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. कमलाबाईंनी 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने मिळवली आणि त्याच संस्थेत अर्ज केला. रामन तेव्हा तिथे नुकतेच संचालक झाले होते. त्यांचं उत्तर आलं की मुलींना प्रवेश नाही. कमलाबाई बंगळूरला गेल्या, समोर उभ्या राहिल्या आणि कारण विचारलं. गांधीजींचे दिवस होते. तुमच्या दाराशी सत्याग्रह करीन, असं त्यांनी सांगून टाकलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष ही नुसती चाचणी, नियमित विद्यार्थी म्हणून नोंद नाही. कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच ते काम मान्य होणार. आणि तिसरी अट अशी की तिच्यामुळे पुरुष विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. लक्ष त्यांचं, जबाबदारी हिची!

त्यांनी अटी पाळल्या. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं आणि 1936 साली एम.एस्सी. मिळवली. त्यांचं काम पाहून पुढे रामन यांनी इतर मुलींनाही प्रवेश दिला. 1937 च्या डिसेंबरात त्या केंब्रिजला दाखल झाल्या. तिथे त्यांनी वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या घटकावर काम केलं आणि 1939 साली डॉक्टरेट मिळवली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा. विज्ञानाच्या क्षेत्रात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात. परत येऊन दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत गेल्या. लग्नानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. तिथे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा या गरिबाच्या पेयातली पोषकद्रव्यं तपासली. पुढे त्या त्या संस्थेच्या संचालक झाल्या, पण ती खुर्चीही उशिरानेच मिळाली.

आता त्या मुलीचा प्रश्न. त्यांनी कुणाला सांगितलं का? सांगितलं. पण जाहीर सभेत, स्वच्छ शब्दांत सांगितलं ते आयुष्याच्या अखेरीस, इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशनने सत्कार केला तेव्हा. रामन मोठे शास्त्रज्ञ, पण या बाबतीत कोत्या मनाचे. मी बाई म्हणून त्यांनी मला जी वागणूक दिली ती मी विसरू शकत नाही, अशा अर्थाचं त्या बोलल्या. मधे साठांहून अधिक वर्षं गेली होती. नोकरी संपली होती, रामन हयात नव्हते, गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं. सक्तीला सक्ती म्हणायला एका बाईला इतकं सुरक्षित व्हावं लागलं.

त्याच रामन यांच्या प्रयोगशाळेत 1940 साली अ‍ॅना मणी आल्या. त्रावणकोर संस्थानातल्या पीरमेडच्या. आठव्या वाढदिवसाला घरच्या रिवाजाप्रमाणे हिऱ्याच्या कुड्या मिळत होत्या. त्यांनी त्या नाकारून ज्ञानकोशाचे खंड मागितले असं सांगतात. हिरे मात्र पुढे भेटलेच. रामन यांच्याकडे हिरे आणि माणकांच्या प्रकाशाचा अभ्यास त्यांनी केला. एकेका नोंदीला पंधरा-वीस तास लागत, कधी प्रयोगशाळेतच झोपावं लागे. पाच शोधनिबंध लिहिले आणि 1945 साली प्रबंध सादर केला. एम.एस्सी. नाही, या कारणावरून मद्रास विद्यापीठाने पीएच.डी. दिली नाही. त्या इंग्लंडला जाऊन हवामानाची उपकरणं शिकल्या आणि 1948 साली हवामान खात्यात रुजू झाल्या, त्या आपल्या पुण्यात. शिवाजीनगरचं सिमला ऑफिस ठाऊक नाही असा पुणेकर नाही. तिथून कापूरहोळ चाळीसेक किलोमीटर. 1953 पर्यंत त्या विभागाच्या प्रमुख झाल्या आणि हाताखाली 121 पुरुष होते. परदेशातून येणारी उपकरणं इथे बनू लागावीत म्हणून शंभरेक उपकरणांचे आराखडे त्यांनी प्रमाणित केले. 1976 साली उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या.

इतिहासकार आभा सूर यांनी अ‍ॅना मणींच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर कमलाबाईंच्या अगदी उलट होतं. बाई असण्याचा आपल्या कामाशी संबंध नव्हता, बायका आणि विज्ञान यावर एवढा गलका कशाला, असा त्यांचा सूर. पण त्याच मुलाखतींत त्यांनी सहज सांगितलं की प्रयोगशाळेत मुलामुलींनी मोकळेपणाने बोललेलं रामन यांना खपत नसे. आणि प्रयोग मांडताना मुलीकडून बारीकशी चूक झाली, की ती लगेच बाईच्या नाकर्तेपणाचा पुरावा म्हणून गावभर व्हायची.

मग त्या खोटं बोलत होत्या का? मला तसं वाटत नाही. ज्या बाईने 121 पुरुषांचा विभाग चालवला, तिला आपली ओळख 'अन्याय सोसलेली' अशी नको असणं मी समजू शकते. 'मला कुणी अडवलं नाही' या वाक्यात पुष्कळदा 'मी अडले नाही' हे वाक्य दडलेलं असतं. दोन्हींचा अर्थ एक नाही. पहिलं ऐकून जग निर्धास्त होतं.

इथे मला आठवण होते ती बेगम रुकय्या यांची. 1905 साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात बंगालच्या या मुसलमान बाईंनी 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. तिच्यातल्या देशात पुरुष घरात, मर्दान्यात बसतात आणि राज्य बायका चालवतात. तिथल्या एका स्त्री विद्यापीठाने फुग्यातून ढगातलं पाणी काढायची युक्ती शोधलेली आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवायची. रुकय्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी बायकांच्या मागे पडण्याचं कारण अगदी सरळ मांडलं: डोक्याचा प्रश्न नाही, कोण कुठे कोंडलंय त्याचा आहे. आणि अर्ध्या शतकानंतर पुण्यात अ‍ॅना मणी खरोखरच सूर्याची उष्णता मोजत होत्या, ओझोन मोजण्यासाठी फुग्याबरोबर वर जाणारं उपकरण घडवत होत्या. भारतात कुठे किती ऊन पडतं याची त्यांनी केलेली मोजदाद आजच्या सौरऊर्जेलाही उपयोगी पडली. कथेतल्या बाईंना कारण उघड बोलता आलं. पगारी नोकरीतल्या बाईंना ते जमलं नाही किंवा रुचलं नाही.

कारण उघड असलं की काय होतं, याचं एक उदाहरण 1974 चं आहे. कमलाबाईंना जिथे अडवलं त्याच बंगळूरच्या संस्थेतल्या सूचनाफलकावर टेल्कोची जाहिरात लागली होती. इंजिनिअर हवेत, महिलांनी अर्ज करू नयेत. तिथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी ती वाचली आणि थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं. मुलाखतीला पुण्याला बोलावणं आलं. हा कारखाना आहे, इथे आजवर मुलगी घेतली नाही, असं सांगणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिलं की कधीतरी सुरुवात करावीच लागेल. नोकरी मिळाली. ही गोष्ट त्यांनी स्वतः लिहिली आहे आणि आपण ती हिमतीची गोष्ट म्हणून सांगतो. हिंमत होतीच. पण आणखी एक गोष्ट होती: अट छापलेली होती. छापलेल्या ओळीवर बोट ठेवता येतं, पोस्टकार्ड टाकता येतं. जी अट कुठेच छापलेली नसते तिच्याविरुद्ध पत्र लिहायचं कुणाला?

न छापलेल्या अटींमध्ये अडकलेल्या बायका म्हणूनच वेगळं कारण सांगतात. ते कारण असतं 'घर'. मंगला नारळीकरांचं नाव आम्हा शिक्षकांना 2019 च्या वादामुळे चांगलं लक्षात आहे. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं आणि शिक्षकांच्या खोलीत त्यावर दिवसेंदिवस चर्चा झाली. त्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. पण त्याआधीची त्यांची कहाणी कमी लोकांना ठाऊक असते. 1964 साली त्या मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए. झाल्या, सुवर्णपदक मिळालं, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधनाला लागल्या. मग जयंत नारळीकरांशी लग्न, केंब्रिज, तीन मुली, सासू-सासरे. पीएच.डी. झाली ती 1981 साली, अंकसिद्धांतात. सतरा वर्षांनी. स्वतःबद्दल लिहिताना त्यांनी तक्रारीचा शब्द काढलेला नाही. आपली कहाणी आपल्या पिढीतल्या अनेक शिकलेल्या बायकांची आहे, ज्यांनी घर आधी ठेवलं, असं त्यांनी म्हटलं आहे. यात मर्जी किती, मजबुरी किती, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये. पण नारळीकर जोडप्यापैकी एकाच्याच बाबतीत हा प्रश्न उठतो, एवढं तर दिसतंच.

मंगलाताईंनी हे लिहिलं ते 'लीलावतीज डॉटर्स' या पुस्तकात. भारतीय विज्ञान अकादमीने 2008 साली ते काढलं. शंभराच्या आसपास भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या कहाण्या त्यात आहेत. संपादकांपैकी एक होत्या पुण्याच्या रोहिणी गोडबोले, कणभौतिकीतल्या मोठ्या शास्त्रज्ञ. त्या 2024 च्या ऑक्टोबरात गेल्या. त्यांच्या मराठी माध्यमाच्या मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान असे, त्यामुळे शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी विज्ञान त्यांना वेगळं शिकावं लागलं.

पुस्तकाच्या नावातली लीलावती म्हणजे भास्कराचार्यांच्या ग्रंथातली. तो ग्रंथ अकबराच्या दरबारातल्या फैजीने 1587 साली फारसीत नेला, आणि मोत्याची प्रसिद्ध दंतकथा आपल्याला त्याच्याकडूनच मिळते. घटिकापात्रात मोती पडून भोक बुजलं, लग्नाचा मुहूर्त टळला, मुलगी बिनलग्नाची राहिली आणि तिचं दुःख हलकं व्हावं म्हणून बापाने तिच्या नावाचा गणिताचा ग्रंथ लिहिला. कथा गोड आहे. पण तिच्यातलं कारण पाहा: मुलीच्या वाट्याला गणित आलं, कारण लग्न चुकलं. लीलावतीला गणित आवडत असेल, ही शक्यता कथेत नाहीच.

ही समजूत आजही जिवंत आहे: बाईचं विज्ञान सुटतं ते लग्नामुळे, मुलांमुळे. याच समजुतीची परीक्षा 2010 साली झाली. विज्ञान अकादमी आणि बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांच्यासाठी अनिता कुरुप, रोहिणी गोडबोले आणि सहकाऱ्यांनी 568 शास्त्रज्ञांना प्रश्न विचारले. त्यांत पीएच.डी. होऊनही संशोधनाबाहेर राहिलेल्या बायका होत्या. त्यांना जेव्हा थेट विचारलं, तेव्हा 'घर सांभाळायचं होतं' यापेक्षा मोठं कारण पुढे आलं ते असं की नोकरीच मिळाली नाही. आणखी एक आकडा मला बोलका वाटतो: संशोधनात टिकलेल्या बायकांपैकी सुमारे 14 टक्के कधीच लग्न न केलेल्या होत्या, पुरुषांत हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे विज्ञान करायचं तर काय सोडावं लागतं, याचा हिशोब दोघांसाठी एक नाही.

नोकरी का मिळत नाही, याची कारणं कुठे छापलेली नसतात. नवरा ज्या संस्थेत आहे तिथे बायकोला घ्यायचं नाही, हा कित्येक ठिकाणचा न लिहिलेला रिवाज. बाळंतपणात दोन-तीन वर्षं गेली की वयाची अट आडवी येते. मुलाखतीत पुरुषाला कामाचं विचारतात, बाईला 'घरचं कोण बघणार' हेही. मग ती घरी बसते आणि चार लोकांत सांगते, "मुलं लहान होती, मीच नको म्हटलं." आज विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांत मुली 40 टक्क्यांच्या वर आहेत, पण संशोधनाच्या नोकऱ्यांत बायका 20 टक्क्यांच्याही खाली. मधल्या त्या सगळ्या जणींना एकाच वेळी मुलं लहान असण्याची आवड निर्माण झाली, असं मानायचं का?

आणि हेही कबूल करायला हवं की कमलाबाईंच्या घरात दोन रसायनशास्त्रज्ञ होते. त्या दारापर्यंत पोचल्या म्हणून दार बंद असल्याचं दिसलं तरी. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या, मजुराच्या, मुसलमानाच्या पोरीला दारापर्यंतचा रस्ताच लांब. आमच्या मुलींच्या बाबतीत तर लोकांकडे कारण तयार असतं: "तुमच्यात शिकू देत नाहीत." घरच्यांकडेही तयार असतं: "तिनेच नको म्हटलं." घरात सक्ती नाही असं मी म्हणणार नाही, आहे, आणि तिच्याशी आम्हालाच भांडायचंय. पण दोन्ही उत्तरांत एस.टी.चं वेळापत्रक कुठेच येत नाही. खासगी क्लासची फी येत नाही. मुलींच्या वसतिगृहाचा तर उल्लेखही नाही.

माझंच सांगते. दहावीला माझे विज्ञानाचे गुण मराठीपेक्षा जास्त होते. अकरावीला मी कला शाखा घेतली, पुढे बी.एड. केलं. कुणी विचारलं तर गेली पंचवीस-तीस वर्षं मी एकच उत्तर देत आले: मला भाषांची आवड होती. ते खोटं नाही, भाषांनी मला पुष्कळ दिलंय. पण विज्ञान शाखेची प्रात्यक्षिकं संध्याकाळी सुटायची आणि गावाकडची शेवटची गाडी त्याआधी निघायची. अब्बांनी मला नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायची वेळच मी त्यांच्यावर येऊ दिली नाही. त्यालाच मी मर्जी म्हणत आले.

त्या नववीच्या मुलीने 28 फेब्रुवारीला स्वतः लिहिलेलं भाषण केलं. रामन यांचा फोटो होताच. त्यांचा शोध मोठा आहे, फोटो काढायचं काही कारण नाही. तिने शोधाची माहिती दिली, मग कमलाबाईंना घातलेल्या तीन अटी एकेक करून वाचल्या आणि खाली बसली. टाळ्या जरा उशिराने पडल्या.

आता दहावीच्या निकालानंतर मुली शाखा विचारायला येतात आणि म्हणतात, "मॅडम, मला विज्ञानाची आवडच नाही." खरंच आवड नसेल तर ठीक आहे, सगळ्यांनी शास्त्रज्ञ व्हावं असं थोडंच आहे? मी त्यांना समजावत बसत नाही. एवढंच विचारते, "शेवटची एस.टी. रात्री आठला असती, तर काय घेतलं असतंस?"

काही जणी तेच उत्तर पुन्हा देतात. काही जणी थांबतात.